फाटकाची कडी आणि हरवलेला कुत्रा

जानेवारीत लखनौहून गाडी वेळेवर सुटेल असं जो धरून चालतो, त्यानं रेल्वेत नोकरी केलेली नसते. मी अठ्ठावीस वर्षं केली होती आणि तरीही त्या दिवशी सकाळी सात वाजता मुलीची बॅग दाराशी आणून ठेवली. बाहेर धुकं असं की समोरच्या क्वार्टरचा दिवासुद्धा दिसेना. चारबाग स्टेशनला चौकशी केली तर गाडी नऊ तास उशिरा. मुलगी पुण्याला शिकत होती, सुट्टी संपवून परत निघाली होती. तिनं बूट काढले, माझ्या रजईत पाय खुपसले आणि मांडीवर लॅपटॉप उघडला.

"बाबा, कुछ देखते हैं," म्हणाली.

आमची मुलगी आम्हाला हिंदीतच उत्तर देते. आम्ही दोघं दिवसभर मराठी बोलतो, तिला सगळं कळतं, पण पलीकडून येतं ते हिंदी. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या बऱ्याच मराठी पोरांचं असंच आहे. सुरुवातीला मी चिडायचो, मग टोकायचो, मग तेही सोडून दिलं. माणूस किती ठिकाणी पुरणार?

तिनं लावलं ते कार्टून होतं. हॉस्टेलमधल्या कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आणलेलं. मला कार्टून बघवत नाही, त्यात सगळे फार पळतात. पण रजई उबदार होती आणि उठून जाण्याचा कंटाळा होता. अवकाशात फिरणारी एक खानावळ होती. दोन डोक्यांचा आचारी, त्याची दोन्ही डोकी मीठ किती घालायचं यावरून भांडणारी. यान चालवणारी एक मुलगी. कोठी सांभाळणारा एक रोबोट, जो दिसेल ती वस्तू मोजून वहीत लिहायचा. आणि एक कुत्रा. पहिल्या पाच मिनिटांत कुत्रा हरवला. रोबोटनं धूर बाहेर जावा म्हणून यानाचं दार उघडलं आणि परत लावायचं विसरला. हे फक्त बघणाऱ्याला दाखवलं होतं. यानातल्या बाकीच्यांना ठाऊक नव्हतं, आणि रोबोट काही बोलला नाही.

आमच्या घरातला कुत्रा मी हरवला होता, आणि अकरा वर्षं त्याचं खापर माझ्या मुलीच्या डोक्यावर होतं. ते तिनं स्वतःच घेतलं होतं आणि मी घेऊ दिलं होतं. मुलगी माझ्या शेजारी बसून खुदुखुदु हसत होती.

तो कुत्रा मीच आणला होता. माझं काम डब्यांच्या स्प्रिंगांचं. चाचणीची गाडी घेऊन कुठंकुठं जायचं, डबा किती हलतो ते मोजायचं आणि परत येऊन कागद काळे करायचे. अशाच एका फेरीत, कुठल्याशा आडबाजूच्या स्टेशनात, चाचणीच्या डब्यात एक पिल्लू चढलं आणि केबलींच्या भेंडोळ्यात झोपून गेलं. उतरवायला कुणाला जमलं नाही. मी घरी घेऊन आलो, तर बायकोनं कपाळाला हात लावला. "आधीच घरात एक माणूस वेळेवर जेवत नाही, त्यात हा," म्हणाली. पण दूध तिनंच दिलं.

मुलगी तेव्हा सहा वर्षांची असेल. गंमत अशी की कुत्र्याशी ती मराठीत बोलायची. आमच्याशी हिंदी, शाळेत हिंदी, मैत्रिणींशी हिंदी, आणि मागच्या व्हरांड्यात बसून कुत्र्याशी अस्सल मराठी. "सरक की रे, मला बसू दे." "खाऊन घे मुकाट्यानं." बायकोचेच शब्द, बायकोचाच सूर. मी एकदा विचारलं, त्याच्याशी बरी मराठी बोलतेस, तर म्हणाली, "उसे हिंदी नहीं आती ना." मला ते इतकं आवडलं होतं की ऑफिसात चार जणांना सांगितलं.

आमच्या क्वार्टरचं फाटक लोखंडी, जुनं. त्याची कडी नुसती सरकवून भागत नसे. वर उचलून, पुढं रेटून खाली सोडायची, खट्ट असा आवाज आला पाहिजे. आवाज नाही आला तर समजायचं की लागली नाही, थोड्या वेळानं फाटक आपोआप उघडतं. घरात तिघांनाही हे पाठ होतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी माझं ऑफिसात वाईट चाललं होतं. एका डब्याची स्प्रिंग तुटली होती आणि तिचा कागद माझ्या सहीनं गेला होता. आमच्याकडे काहीही मोडलं की टिपण लिहितात. काय झालं, कसं झालं, कारण काय, आणि शेवटची ओळ, जबाबदार कोण. त्या ओळीत माझं नाव घालायचं घाटत होतं. महिनाभर मी रोज कुणासमोर तरी उभा राहून उत्तरं देत होतो. झोप नाही, भूक नाही. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास एक जुनी फाइल न्यायला मी घरी आलो. बायको अमीनाबादला खरेदीला गेली होती, मुलगी शाळेत. कुत्रा व्हरांड्यात पसरला होता, त्यानं एक डोळा उघडून बघितलं आणि शेपटी दोनदा आपटली. मी फाइल उचलली. बाहेर जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. मी फाटक ओढलं, कडी सरकवली आणि जीपमध्ये बसलो. खट्ट आवाज आला नव्हता. मला ते कळलं होतं. जीप वळताना मागं बघितलं तर फाटक वीतभर उघडलं होतं. मनात म्हटलं, जाऊ दे, आता कोण उतरणार.

मुलगी दीड वाजता शाळेतून आली. दमून आली होती, फाटकाकडे न बघताच आत गेली, झाकून ठेवलेलं जेवली आणि झोपली. चारला उठून कुत्र्याला हाक मारायला गेली तर व्हरांडा रिकामा. फाटक सताड उघडं. शेवटी फाटकातून आत आली ती तीच, बायको अजून बाजारातच होती. नऊ वर्षांच्या पोरीनं सरळ हिशोब लावला की कडी आपल्याच हातून राहिली.

मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती पायरीवर बसली होती, तोंड सुजलेलं. "मुझसे हुआ," म्हणाली. बायको आतून म्हणाली, "तिला काही बोलू नका हं, पोर आधीच अर्धी झालीय." मी बोललो नाही. मी दुपारी घरी येऊन गेलो होतो हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. तोंड उघडायला तेवढा एक क्षण होता, तो मी घालवला. ऑफिसात एक खापर माझ्यासाठी तयार होतं, घरी दुसरं नको होतं. इतकंच. याहून मोठं कारण मला अजून सापडलेलं नाही.

मग मी काय केलं, तर कामाला लागलो. अपराधी माणूस फार काम करतो. कुत्र्याचा धड एक फोटो नव्हता. होता त्यात तो अर्धा चौकटीबाहेर. म्हणून मी त्याचं ड्रॉइंग काढलं. ड्रॉइंग म्हणजे चित्र नव्हे, आमच्या पद्धतीचं ड्रॉइंग. एक बाजूनं दिसणारा कुत्रा, एक समोरून दिसणारा. खांद्यापाशी उंची चारशे ऐंशी मिलिमीटर. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत सातशे साठ. शेपटी वेगळी. डावा कान उभा, उजवा दुमडलेला, दुमडल्याचा कोनसुद्धा लिहिला. मापं सगळी खरी होती, मुलीनं त्याला दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीशी उभं करून मोजलेलं होतं. खाली घरचा फोन नंबर आणि "सूचित करें". बायकोनं कागद हातात घेऊन बघितला. "अहो, हा कुत्रा आहे की वाघीण?" म्हणाली. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. पन्नास प्रती काढल्या आणि मुलीला स्कूटरवर पुढं उभं करून मानक नगर स्टेशनपासून आलमबागपर्यंत आणि चारबागच्या ऑटोस्टँडपर्यंत चिकटवल्या.

तिसऱ्या दिवशी पहिला फोन आला. चिनहटच्या कारखान्यांच्या भागातून कुणी बोलत होता, फार अदबीनं. "साहब, आपका ड्रॉइंग देखा. ये पीस किसमें बनवाना है, शीट में कि कास्टिंग में? और कितने नग चाहिए?"

मी फोन हातात धरून उभा राहिलो. मुलगी शेजारी, डोळे मोठे करून. "मिल गया?" मी त्या माणसाला सांगितलं की भैया, हा जिवंत कुत्रा आहे, हरवलाय. तो म्हणाला, "अच्छा. फिर तो फोटो लगाते, साहब." आणि पुढं म्हणाला की आमच्या शेडमध्ये दोन दिवसांपासून एक तपकिरी कुत्रा येऊन बसतोय, बघून जा.

रविवारी आम्ही दोघं गेलो. मानक नगर ते चिनहट म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक, वर एप्रिलचं ऊन. मुलीनं फ्रॉकच्या खिशात माझी मोजायची टेप घेतली होती. शेडमध्ये लोखंडाच्या कातरणीचा ढीग आणि त्याच्या सावलीत एक कुत्रा. तपकिरी होता. एक कान उभा होता. मी लांबूनच ओळखलं की हा तो नाही, पण मुलगी जवळ जाऊन बसली आणि मराठीत म्हणाली, "ये रे. ऊठ की. घरी चल." कुत्र्यानं शेपटी हलवली, तशी ती कुणालाही हलवली असती. तिनं टेप काढली, त्याच्या खांद्याला लावली आणि आकडा वाचला. पाचशे दहा. तिनं परत मोजलं. परत पाचशे दहा. फोन करणारा माणूस हात बांधून उभा होता. "थोड़ा बढ़ गया होगा, बिटिया," तो म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं.

परतीच्या वाटेवर पॉलिटेक्निकच्या चौकात आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो. ती म्हणाली, "बाबा, कड़ी मैंने ही नहीं लगाई थी ना?"

तिनं विचारलं होतं. तोवर ती स्वतःच सांगत होती, त्या दिवशी विचारलं. मी रसाचा ग्लास हातात धरून म्हणालो, "होतं गं असं. लहान आहेस."

त्या आठवड्यात मी घरच्या वहीत टिपण लिहिलं. का लिहिलं ते विचारू नका, सवय. काय झालं, कसं झालं, कारण: फाटकाची कडी नीट न लागणे. जबाबदार: आणि पुढं जागा मोकळी सोडली. माझी हिंमत तिथवर गेली, पुढं गेली नाही. वही टेबलावर राहिली. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्या मोकळ्या जागेत पेन्सिलीनं मुलीचं नाव. आडनावासकट, शाळेच्या वहीवर लिहितात तसं. मी वही मिटून कपाटात ठेवली. खोडरबर टेबलावरच होता.

कुत्रा आला नाही. वर्षभर कुठंही तपकिरी काही दिसलं की ती रिक्षा थांबवायला लावायची, मग तेही थांबलं. मराठी बोलणं मात्र त्याच महिन्यात थांबलं होतं. आणि दुसरी एक गोष्ट सुरू झाली. ती फाटकाची कडी तीनदा तपासायला लागली. मग गॅस. मग न्हाणीघराचा नळ, दप्तराची चेन, परीक्षेच्या पेपरावरचा नंबर. दहावीच्या पेपराला निघताना दोनदा परत आली, कडी बघायला. बायको म्हणायची, व्यवस्थित आहे पोर, बापावर गेलीय. हॉस्टेलमध्ये तिला चौकीदार म्हणतात, हे तिनंच हसत हसत सांगितलं होतं. मी प्रत्येक वेळी बघत होतो आणि मला प्रत्येक वेळी ठाऊक होतं, की हे कुठून आलं. मी मूग गिळून बसलो. आज सांगू, निकाल लागल्यावर सांगू, ती जरा मोठी झाली की सांगू. नंतर नंतर तर मनात म्हणायचो, ती विसरली असेल, आता उकरून कशाला काढायचं.

लॅपटॉपवर खानावळवाले एका ग्रहावर पोचले होते. सगळ्या विश्वात हरवलेल्या वस्तू तिथं जमा होतात. छत्र्या, मोजे, दात, कुत्रे. खिडकीत आठ हातांचा एक बाबू, आठही हातांत शिक्के. कुत्रा परत हवा असेल तर फॉर्म भरा, आणि खाली, कुणी हरवला त्यानं सही करा. सही खरी असेल तर शाई हिरवी होते, खोटी असेल तर लाल. सगळ्यांना कुत्रा हवा, म्हणून सगळे सह्या करत सुटले. आचाऱ्यानं दोनदा केली, एकेका डोक्याची एकेक. यान चालवणाऱ्या मुलीनं सात वेळा केली, सातही वेळा लाल. रोबोट कोपऱ्यात बसून छत्र्या मोजत होता. मुलगी हसून हसून माझ्या खांद्यावर आपटत होती. शेवटी काय, तर बाबूची जेवणाची सुट्टी झाली, तो खिडकी लावून निघून गेला आणि कुत्रा टेबलाखालून चालत बाहेर आला. सगळे नाचले. रोबोटही नाचला. संपलं.

"आणि त्या रोबोटचं काय?" मी विचारलं.

"क्या हुआ रोबोट का?"

"त्यानं सांगितलंच नाही. सुटला की तो."

"अरे बाबा, कॉमेडी है." तिनं डोळे पुसले. "वैसे वो रोबोट पूरा आप पर गया है. हर चीज़ नापता रहता है."

ती मापांबद्दलच बोलत होती. चेष्टाच होती ती. पण मी दमलो होतो. अकरा वर्षं एक गोष्ट सांभाळून मी इतका दमलो होतो, की ती हातातून सुटली.

"फाटक मी उघडं ठेवलं होतं," मी म्हणालो. "आपला कुत्रा गेला त्या दिवशी. दुपारी बाराला मी फाइल न्यायला आलो होतो. कडी लागली नाही ते मला कळलं होतं. मी उतरलो नाही."

बायको पलीकडे वेताच्या मोड्यावर बसून मटार सोलत होती. तिचे हात थांबले.

मुलीनं लॅपटॉप मिटला. मग विचारलं, "मैंने कॉपी में नाम लिखा था. आपने देखा था?"

"हो."

"तो काटा क्यों नहीं?"

अकरा वर्षांत मी या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं तयार केली होती. ऑफिसचा ताण, महिनाभराची जागरणं, तू लहान होतीस. त्यातलं एकही बाहेर पडेना. "बरं वाटलं होतं," मी म्हणालो. "त्या जागी माझं नाव नाही, म्हणून बरं वाटलं होतं."

"अकरा वर्षं?" बायको म्हणाली. एवढंच म्हणाली आणि परत मटार सोलायला लागली. मला ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी उठून कपाटातून ती वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही, मला ते कुठं आहे ते ठाऊक होतं. पेन्सिल फिकी झाली होती, पण नाव वाचता येत होतं. मी मूर्खासारखा खोडरबर शोधायला लागलो. चष्मा कपाळावर, एका हातात वही, ड्रॉवरमध्ये दुसरा हात. मुलगी बघत होती. "अब रहने दीजिए," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. उठली, आत गेली आणि भरलेली बॅग उघडून पुन्हा भरत बसली. मी दारातून बघितलं. तिनं चेन लावली, मग हात फिरवून तपासली, मग थांबली आणि स्वतःच्या हाताकडे बघत बसली. मला तिथं उभं राहवलं नाही.

दुपारी धुकं थोडं उठलं. जेवणं झाली. निमोना, म्हणजे वाटलेल्या मटारची इकडची भाजी, बायकोनं तिच्यासाठीच केला होता, कुणी नावं ठेवली नाहीत, कुणी वाहवाही केली नाही. साडेतीनला ऑटो आला. स्टेशनवर नेहमी मी जातो. त्या दिवशी ती म्हणाली, "मम्मी चलेंगी." मी बॅग ऑटोत ठेवली. ती माझ्या पाया पडली, नेहमीसारखी, वाकून, पटकन. मी डोक्यावर हात ठेवायच्या आत सरळ झाली.

दोघी बसल्या. मी फाटकापाशी आलो, फाटक ओढलं, कडी वर उचलली, पुढं रेटली, खाली सोडली. खट्ट आवाज आला. चांगला खणखणीत आला, ऑटोपर्यंत ऐकू गेला असेल. मी कडीवर हात ठेवून उभा राहिलो.

ऑटो निघाला. विसेक पावलं गेला आणि थांबला. ती उतरली आणि फाटकापर्यंत चालत आली. मला वाटलं, काही बोलेल. निदान जाताना काही बोलावं असं मला फार वाटत होतं.

"सरका, बाबा," ती म्हणाली, मराठीत.

तिनं माझा हात कडीवरून बाजूला केला. कडी स्वतः उचलली, रेटली, खाली सोडली, आवाज ऐकला आणि ऑटोत जाऊन बसली.